ह्यांचा नंबर

"परत सांगा," मी म्हणाले. "एकेक आकडा. सावकाश."

फोनच्या पलीकडं दुधाचे कॅन एकमेकांवर आपटत होते आणि कुणीतरी कुणाला तरी गाडी मागं घ्यायला सांगत होतं. ह्यांनी घसा साफ केला आणि एकेक आकडा सांगितला. मी तो पेनानं डाव्या तळहातावर लिहीत गेले आणि लिहिताना मोठ्यानं म्हणत गेले. शेजारी बसलेल्या नसीमताई तो संगणकात घालत होत्या. सहावा आकडा पडला, त्यांनी बटण दाबलं, पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं आणि मग लाल अक्षरं आली. ओटीपी चुकीचा आहे.

"दुसऱ्यांदा," नसीमताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला. "छाया, आता एकच संधी राहिली. तिसराही चुकला की खातं बंद होतंय."

"त्यांनी बरोबर सांगितला की. तुम्ही पण ऐकलंत."

"ऐकलं ना. स्पीकरवरच होता."

फोनवर हे विचारत होते, "काय झालं? घेतला का?"

"नाही घेतला. नवीन येईपर्यंत थांबावं लागंल. फोन हातातच ठेवा."

"हातातच हाय," हे म्हणाले. "तू काळजी करू नको."

नसीमताई मुजावर आमच्या बाजाराच्या गावात सेवा केंद्र चालवायच्या. दाखले, उतारे, पॅनकार्ड, सगळ्यांचं सगळं त्यांच्याकडं. दुकान म्हणजे चपलेच्या दुकानाला लागून असलेली एक चिंचोळी खोली. त्यात दोन खुर्च्या, एक संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीवर गरम हवा फेकणारा पंखा. जतच्या बाजूचा उन्हाळा, दुपारची वेळ. बाहेर बाकावर चारपाच माणसं आपापली कागदं घेऊन बसली होती आणि माझ्याकडं रागानं बघत होती. मी सकाळपासून ती खुर्ची अडवून बसले होते.

काम एवढंच होतं. वीज कंपनीच्या भरतीत माझं नाव यादीत लागलं होतं. लेखी झाली होती, गुण चांगले होते. आता त्यांच्या साइटवर जाऊन नोकरी मान्य आहे म्हणून कळवायचं, कुठला जिल्हा हवा ते निवडायचं आणि कागदं चढवायची. संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. शेवटच्या दिवसापर्यंत मी गप्प बसले नव्हते. आधीचे दोन दिवस मी ह्याच खुर्चीत बसून गेले होते, पण सगळ्या महाराष्ट्रातली पोरं एकाच वेळी त्या साइटवर तुटून पडलेली, ती उघडतच नव्हती. तिसऱ्या दिवशी उघडली. उघडली, आणि म्हणाली, तुमच्या नोंदणीकृत मोबाइल नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

नोंदणीकृत नंबर ह्यांचा होता.

त्यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नव्हतं. लग्नाआधी माझ्याकडं बटणांचा एक फोन होता, तो सासरी येताना भावाला देऊन आले. लग्नानंतर आधारकार्डावर नाव बदललं, पत्ता बदलला. तिथल्या माणसानं मोबाइल नंबर विचारला तेव्हा मी ह्यांच्याकडं बघितलं आणि ह्यांनी आपला सांगितला. पुढं बँकेत तोच, गॅसला तोच, भरतीच्या फॉर्मवरही तोच. घरात फोन एक होता आणि तो दिवसभर ह्यांच्या खिशात असायचा. हे दुधाचा टेम्पो चालवायचे. सकाळी गावोगावचं दूध गोळा करून शीतकेंद्रावर नेऊन घालायचं, दुपारी तिथंच कॅन धुऊन, जेवून, संध्याकाळच्या फेरीला निघायचं. गवळ्यांचे फोन सारखे चालू. एरवी फोन घरी ठेवून जा असं मी म्हणू शकत नव्हते, पण त्या दिवशी मी तसं म्हटलंही होतं, तर ते म्हणाले, "अगं, तू तिथनं फोन लाव, मी इथनं आकडे सांगतो. त्यात काय एवढं."

खरंच त्यात काही नव्हतं. आणि ह्या माणसावर शंका घ्यायचं मला कारणही नव्हतं. आमच्या भागात मुलीनं आयटीआय करणं हेच जरा जास्तीचं. मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला होता. वर्गात आम्ही दोघीच मुली, त्यातली एक अर्ध्यातच लग्न होऊन गेली. माझंही लग्न झालं आणि ते प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं. ते बाहेर काढलं ह्यांनीच. भरतीची जाहिरात त्यांनीच शीतकेंद्रावर कुणाकडून तरी ऐकली, मला टेम्पोत घालून नसीमताईंकडं घेऊन आले आणि म्हणाले, हिचा फॉर्म भरा. परीक्षेला सोलापूरला घेऊन गेले. मी आत पेपर लिहीत होते तेव्हा बाहेर झाडाखाली बसून राहिले. यादी लागली त्या दिवशी शीतकेंद्रावर सगळ्यांना पेढे वाटले. गावात त्यांचं नाव झालं. धनाजी बघा, बायकोला शिकवतो, नोकरीला लावतो.

विरोध केला तो सासऱ्यांनी. त्यांना मी मामा म्हणायचे, हे आबा म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. यादी लागल्यावर मामांनी मला समोर बोलावलं. कधी आडून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मला हे पसंत न्हाई," ते म्हणाले. "शाळा असती, दवाखाना असता, तर माझं काय म्हणणं नव्हतं. बाईमाणसानं खांबावर चढायचं आणि खाली चार माणसांनी वर बघत उभं ऱ्हायचं. मी न्हाई म्हणतो. माझं म्हणणं तुला सांगितलं. पुढं तुमचं तुम्ही बघा."

मी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि आत येऊन भांडी आपटली. हे मागोमाग आले. "आबा जुने हाईत," ते हसून म्हणाले. "त्यांचं मनावर घ्यायचं न्हाई. मी हाय ना."

तर असं सगळं होतं, आणि मी त्या गरम खोलीत तिसऱ्या ओटीपीची वाट बघत बसले होते.

नवीन ओटीपी मागायला मधे काही वेळ जाऊ द्यावा लागायचा. तेवढ्यात नसीमताईंनी बाहेरच्या एका म्हाताऱ्याचा उतारा काढून दिला, कुणाच्या तरी पोराचं छायाचित्र लहान करून दिलं. मी तळहातावरच्या दोन ओळींकडं बघत होते. मलाच ऐकायला चूक होत असेल का. सात आणि आठ फोनवर सारखे ऐकू येतात का. मी मनात एकेक आकडा म्हणून बघत होते.

"तुझ्या नवऱ्याला सांग," नसीमताई म्हणाल्या, "जरा शांत जागी जाऊन बोल म्हणावं. ह्या वेळी गडबड नको."

मी नसीमताईंचा फोन घेऊन परत लावला. तसंच सांगितलं. "थांब," हे म्हणाले, "गाडीत जाऊन बसतो." चालल्याचा आवाज आला, टेम्पोचं दार उघडल्याचा, मग ते लावून घेतल्याचा. एकदम शांत झालं. इतकं शांत की ह्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

नसीमताईंनी बटण दाबलं. "पाठवला म्हणतंय."

"आला," हे म्हणाले.

"सांगा."

त्यांनी सांगितला. मी लिहिला. मी तो त्यांना परत वाचून दाखवला, एकेक आकडा सुटा करून. "बरोबर?" मी विचारलं.

सीट करकरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरोबर."

नसीमताईंनी घातला. पडद्याकडं बघायला नको म्हणून मी भिंतीवरच्या पंख्याकडं बघत होते. बाहेर बाकावरची माणसंही गप्प झाली होती, त्यांनाही आता त्यात गोडी लागली होती.

"नाही गं," नसीमताई म्हणाल्या. "चोवीस तासांसाठी बंद."

फोनवरून हे विचारत होते, काय झालं, काय झालं. मी फोन ठेवून दिला.

मग आम्ही मदतीच्या नंबरवर फोन लावला. नसीमताईंचाच फोन, त्यांचंच चार्जिंग. आधी मराठीसाठी एक दाबा. मग तक्रारीसाठी तीन. मग एक बाई सांगू लागली की आमचा फोन तिला फार मोलाचा आहे, आणि मग सनई वाजू लागली. ती सनई किती वेळ वाजत होती कोण जाणे, बाहेरची दोन माणसं कंटाळून उठून गेली. शेवटी एक माणूस बोलला. मी सगळं सांगितलं.

"चोवीस तासांनी आपोआप सुरू होईल, मॅडम."

"पण सहाला मुदत संपतीय."

"ते भरती विभागाचं आहे. आम्ही फक्त साइटचं बघतो."

"मग भरती विभागाचा नंबर द्या."

"भरती विभागाला नंबर नाही. मेल करा."

नसीमताईंनी मेल केला. लगेच उत्तर आलं, मला आशा वाटली. उत्तर यंत्रानं पाठवलं होतं. आपला मेल मिळाला, सात कामाच्या दिवसांत संपर्क करू. मी ते दोनदा वाचलं. सहाला नसीमताईंनी ते पान पुन्हा उघडून बघितलं. तिथं फक्त एक ओळ होती, मुदत संपली आहे. त्यांनी माझ्याकडून काहीच पैसे घेतले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त रडू आलं.

वडापच्या जीपनं गावात आले. जीपमध्ये बाजार करून परतणाऱ्या बायका होत्या, कुणी कांद्याच्या पिशवीवर बसलेली, कुणी पोराला मांडीवर घेतलेली. एक ओळखीची म्हणाली, "छाया, लागलीस म्हण की नोकरीला." मी हो म्हणाले. नाही म्हणून सगळी कहाणी सांगायचं त्राण नव्हतं.

घरी मामा ओट्यावर बसले होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी ओळखलं.

"झालं न्हाई?"

"नाही. आकडे चुकले. साइट बंद झाली."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. निदान तसं काहीतरी बोलतील, की बरंच झालं. म्हणजे मला कुणावर तरी ओरडता आलं असतं. ते म्हणाले, "पाणी पी." मी ओट्याच्या कडेला भिंतीला टेकून बसले ती तशीच बसून राहिले. हातपाय धुतले नाहीत, चूल पेटवली नाही. मामा उठले, आत गेले. डब्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं लसणाच्या फोडणीचा वास आला. सासूबाई गेल्यापासून त्यांना पिठलं करता यायचं, पण मी घरात आल्यावर त्यांनी चुलीला हात लावला नव्हता.

दिवेलागणीला टेम्पो आला. हे उतरले ते सरळ माझ्याजवळ आले, शेजारी बसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ह्या साइटीच तसल्या असत्यात," ते म्हणाले. "गोरगरिबाचं काम व्हऊच द्यायचं न्हाई असं करून ठेवलंय. तू रडू नको. उद्या आपण सांगलीला ऑफिसात जाऊ. मी भांडतो त्यांच्याशी."

खरं सांगते, त्या वेळी मला तो हात फार बरा वाटला. मनात आलं, एवढं गेलं ते गेलं, माणूस तरी आपला आहे.

त्यांनी फोन कोनाड्यात चार्जिंगला लावला आणि अंघोळीला गेले. त्या फोनला तेव्हा कुलूप वगैरे काही नव्हतं. मदतीच्या नंबरवाल्यानं सांगितलं होतं की खातं परत सुरू झालं की मेसेज येईल. मुदत संपली होती, तरी मला वाटलं, बघावं. एखादा मेसेज आला असेल, मुदत वाढवली असेल, असं होतं कधी कधी. मी फोन घेतला. नवीन मेसेज नव्हता. दुपारचे तीन मेसेज होते, एकाखाली एक.

मी ते काही शोधायला म्हणून वाचले नाहीत. डोळ्यांसमोर होते म्हणून वाचले. पहिल्यातले आकडे वाचले आणि काहीतरी खटकलं. दिवसभर तेच आकडे मनात घोळवले होते ना. मी डावा हात उघडला. घामानं शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं. दिव्याखाली गेले. तळहात आणि फोन शेजारी शेजारी धरले.

पहिल्यात शेवटचे दोन आकडे उलटे होते. दुसऱ्यात दोन सहा होते, त्यातला एक माझ्या हातावर तीन होता. तिसऱ्यात परत शेवटचे दोन उलटे.

एखादी चूक झाली असती तर मी म्हटलं असतं, गोंगाटात होतं. पण हा माणूस रोज गावोगावच्या डेअऱ्यांत यंत्रावरचे फॅटचे आकडे वाचून दाखवायचा. तिथं एक आकडा इकडचा तिकडं झाला तर गवळी गळ्याला धरतात. त्यांचा कधी एक आकडा चुकल्याचं मी ऐकलं नव्हतं.

हे टॉवेलनं डोकं पुसत आत आले. मी फोन आणि हात दोन्ही त्यांच्यापुढं धरले.

"हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. टॉवेल थांबला, मग परत डोक्यावरनं फिरू लागला. "गडबडीत चुकलं असंल. तिथं आवाज किती व्हता."

"आवाज माझ्या कानाला होता. तुमच्या डोळ्यांना कसला आवाज?"

ते दोरीवरचा सदरा घ्यायला वळले.

"आणि तिसऱ्यांदा तुम्ही गाडीत बसला होता. दार लावल्यालं मी ऐकलंय. मी तुम्हाला परत वाचून दाखवलं. बरोबर म्हणालात."

ते कॉटवर बसले. टॉवेल गळ्यात घालून दोन्ही टोकं धरून बसले. मला वाटत होतं, आता शपथ घेतील, माझ्यावरच उलटतील, फोन हिसकावतील. त्यातलं काही झालं नाही. ते बोलले तेव्हा आवाज इतका साधा होता, जणू काही दुधाच्या गाडीचंच बोलतायत.

"रत्नागिरी मिळालं असतं तुला. ह्या वेळंला काय बी निवडलं तरी सगळ्यांना कोकणातच टाकत्यात, असं सगळी म्हणत व्हती. तू तिकडं ऱ्हायली असतीस. मी हितं कॅन उचलत बसलो असतो."

"मग तसं म्हणायचं होतं."

"कसं म्हणणार? सगळ्या गावाला पेढं वाटून बसलो व्हतो."

"पण फॉर्म तुम्हीच भरलात. मी म्हटलं पण नव्हतं. मला घेऊन कोण गेलं?"

"भरला की," ते म्हणाले. "तवा तू लागशील असं वाटलं नव्हतं."

हे वाक्य ते वाईट बुद्धीनं बोलले नाहीत, हे मला आजही सांगता येईल. उलट त्या दिवसातलं त्यांचं तेच एक खरं बोलणं होतं. मी पेपर लिहिताना झाडाखाली बसलेला माणूस मला दिसू लागला. पेढ्याचा पुडा घेऊन फिरणारा माणूस दिसू लागला. ती सगळी हौस, मी नापास होणार ह्या भरवशावर केलेली.

मामा दारात उभे होते. कधी आले होते कुणाला कळलं नाही. हातात पिठल्याची पळी होती, तिच्यावरनं पिठलं खाली ठिबकत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"मी तिला तोंडावर न्हाई म्हटलं व्हतं, धनाजी," ते म्हणाले. "तू तेवढं तरी करायचंस."

एवढं बोलून ते आत गेले.

त्या घरात मोठं भांडण वगैरे झालं नाही. आम्ही तिघांनी पिठलं भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच सांगलीला गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हणाले. ऑफिसात खिडकीतल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि तो माझ्यावरच चिडला.

"मॅडम, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. टीव्हीवर रोज ओरडून सांगतात. तुम्ही दुसऱ्याला सांगितलाच कशाला?"

"मी सांगितला नाही, साहेब. मला सांगितला."

"म्हणजे?"

"फोन मिस्टरांकडं असतो."

"मग मोबाइल स्वतःजवळ ठेवायचा ना," तो म्हणाला. जणू मी छत्री घरी विसरून आले होते. "आता आमच्या हातात काही नाही. पुढच्या भरतीला या."

नवऱ्यानं मुद्दाम चुकीचे आकडे सांगितले, असं त्या खिडकीतून ओरडून कसं सांगणार? मागं रांग होती. आणि सांगितलं असतं तरी तो म्हणाला असता, ते दुसऱ्या विभागाचं आहे.

येताना माहेरी उतरले. भावाकडून माझा बटणांचा फोन परत घेतला, स्वतःच्या नावाचं सिमकार्ड घेतलं. आईनं सगळं ऐकलं. ती म्हणाली, "मारलं तर न्हाई ना तुला? मग जाऊ दे. एवढ्यासाठी कुणी घर मोडत न्हाई." मला घर मोडायचंही नव्हतं. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की हे फार झालं.

नंबर बदलायचं काम पुढं किती दिवस चाललं काय सांगू. आधारला अंगठा देऊन झालं. बँकेत म्हणाले, जुन्या नंबरवर ओटीपी पाठवलाय तो सांगा. गॅसवाल्यानंही तेच केलं. प्रत्येक वेळी मी ह्यांच्यापुढं हात करायचे, हे खिशातून फोन काढून द्यायचे आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे. एकदा ते म्हणाले, "अगं, मी सांगतो की." मी हात तसाच पुढं ठेवला. परत कधी म्हणाले नाहीत.

पुढची भरती यायला काही वर्षं गेली. तोवर मुलगी झाली. तिला पाठीला बांधून मी परत अभ्यास केला. नसीमताईंनी परत फॉर्म भरला, ह्या वेळी माझ्या नंबरवर. परत यादी लागली आणि मी ती आधी नसीमताईंना सांगितली, मग मामांना, मग ह्यांना. मामा म्हणाले, "माझं म्हणणं तुला ठाऊकच हाय." मी म्हणाले, ठाऊक आहे. ते म्हणाले, "मग जा. पोरगीला मी बघतो." नोकरी आमच्याच जिल्ह्यात मिळाली. रत्नागिरीचा प्रश्नच आला नाही. पहिल्यांदा खांबावर चढले तेव्हा खाली खरंच चार माणसं उभी राहून वर बघत होती. मामा म्हणाले होते तसंच. वाऱ्यानं तार हलत होती, पट्टा कमरेला काचत होता. मी दोन तारांना सांधणारा तुटलेला जंपर जोडला आणि खाली आले. लोक मला वायरमन बाई म्हणू लागले.

हे अजून टेम्पो चालवतात. आम्ही एकाच घरात राहतो, त्यांना ताप आला तर मी रजा काढते. त्या दिवसाबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही. गावात मात्र ते बोलायचे. शीतकेंद्रावर, लग्नात, पारावर. फॉर्म मीच भरला, परीक्षेला मीच नेलं, आबांचा विरोध होता पण मी मागं उभा राहिलो. आधी मी चिडून उठून जायचे. मग चिडायचंही सोडून दिलं, कारण ते सांगता सांगता त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं आणि ऐकणारे माझ्याकडं बघून म्हणायचे, भाग्यवान आहेस.

गेल्या वर्षी महिला दिनाला ग्रामपंचायतीनं आमचा दोघांचा सत्कार ठेवला. दोघांचा, कारण सरपंचबाईंचं म्हणणं पडलं की अशा बाईच्या मागं असा नवरा असतो म्हणून. शाळेपुढं मांडव घातला होता. आम्हा दोघांना शाल दिली, नारळ दिला, ह्यांना फेटा बांधला. ह्यांनी माइक घेतला आणि छान बोलले. सुरुवातीचा फॉर्म, सोलापूरचं झाड, पेढे. मधल्या दिवसाचं एका वाक्यात म्हणाले, "पहिल्या वेळी साइटीनं घात केला, पण मी हिला खचू दिलं न्हाई." बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत मामा बसले होते, माझ्या पोरीला मांडीवर घेऊन. आता त्यांना कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं.

सरपंचबाईंनी माइक माझ्या हातात दिला. "बोल, छाया, दोन शब्द."

मला बोलायची सवय नाही. आणि काय बोलायचं ते मी ठरवूनही आले नव्हते. समोर सगळं गाव बसलं होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही.

"माझ्या सासऱ्यांनी मला तोंडावर नाही म्हटलं होतं," मी म्हणाले. "त्यांचे मी आभार मानते."

मांडवात हशा पिकला. सरपंचबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. वायरमन बाई म्हाताऱ्याची चेष्टा करतेय, असं सगळ्यांना वाटलं. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घातली. हे माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. ते हसले नाहीत.